यंत्रमानवांना एफ-२२ मिळतं, अव्हेंजर्सना का नाही?

२००७ साली आलेल्या 'ट्रान्सफॉर्मर्स'मध्ये मोटारींचे अजस्र यंत्रमानव होतात आणि एकमेकांना बडवताना शहरं जमीनदोस्त करतात. गोष्टीचा उगम मुलांच्या खेळण्यांत, त्यामुळे तर्काची अपेक्षा कोणी ठेवलेली नव्हती. तरीही अमेरिकी हवाई दलाने या सिनेमाला एफ-२२ हे आपलं सगळ्यात जपलेलं लढाऊ विमान चित्रीकरणासाठी दिलं.

पाच वर्षांनी 'द अव्हेंजर्स' आला. त्यातही बाहेरच्या विश्वातून आलेले हल्लेखोर आहेत, त्यातही महानगराची धूळधाण आहे. इथे मात्र पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, किरकोळ मदतीपलीकडे अंग काढून घेतलं.

एलियन खोटे आहेत किंवा माणूस हिरवा होऊन दहापट फुगत नाही, अशी हरकत कोणी घेतली नव्हती. हरकत होती ती सिनेमातल्या महानायकांना एकत्र आणणाऱ्या 'शील्ड' या संघटनेबद्दल. ही संघटना कोणाला उत्तरदायी आहे? अमेरिकी सैन्य तिच्या हाताखाली काम करतं का? पेंटॅगॉनच्या वतीने हॉलिवूडशी बोलणी करणारे फिल स्ट्रब यांनी हेच प्रश्न उघडपणे विचारले होते. उत्तर जुळेना, म्हणून विषय तिथेच थांबला.

ऐकायला हा विनोद वाटतो. पण सैनिक आणि सैन्याधिकारी असलेल्या विज्ञानपटांचं सगळं अर्थकारण आणि राजकारण या एका प्रश्नात आहे, असं माझं मत आहे.

मुळात सैन्य सिनेमात शिरतं कशाला?

हे नातं बोलपटांच्याही आधीचं. १९२७ च्या 'विंग्ज' या पहिल्या महायुद्धावरच्या मूकपटाला अमेरिकी सैन्याने टेक्सासमध्ये हजारो सैनिक आणि विमानं पुरवली. त्याच सिनेमाला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं ऑस्कर मिळालं. दोन्ही बाजूंना आपापला फायदा तेव्हाच कळून चुकला.

निर्मात्याचा फायदा उघड आहे. विमानवाहू जहाज बाजारात भाड्याने मिळत नाही. रणगाड्यांची रांग, खरा तळ, सलाम कसा ठोकायचा हे रक्तात भिनलेले शंभर जवान, हे सगळं एकाच ठिकाणी मिळतं आणि त्या दुकानाचा मालकही एकच आहे. सैन्याचा फायदा जरा लांबचा. अमेरिकेत १९७३ पासून सक्तीची भरती बंद आहे. दरवर्षी हजारो तरुण स्वतःहून यावे लागतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी सैन्य पहिल्यांदा पाहिलेलं असतं ते पडद्यावरच. म्हणून भूदल, नौदल, हवाई दल आणि मरीन कोअर, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर चढाई करणारं दल, या प्रत्येकाचं लॉस एंजेलिसमध्ये स्वतंत्र संपर्क कार्यालय आहे. ते लपूनछपून चालत नाही. अर्ज कसा करायचा हेसुद्धा जाहीर असतं.

अर्ज केल्यावर काय होतं

निर्माता पटकथा पाठवतो. कार्यालय ती वाचतं, शेरे मारतं. पटलं तर करार होतो. मग चित्रीकरणाच्या जागी सैन्याचा एक अधिकारी हजर असतो आणि तयार सिनेमा प्रदर्शनाआधी खात्याला दाखवावा लागतो. करदात्यावर जादा बोजा पडू नये असा नियम असल्याने वापराचा खर्च निर्माता भरतो. 'टॉप गन: मॅव्हरिक'च्या वेळी सुपर हॉर्नेट विमानासाठी तासाला सुमारे ११ हजार डॉलरपर्यंत दर लागल्याची बातमी होती. एरवीही होणारा सराव असेल आणि कॅमेरा नुसता बाजूला उभा राहणार असेल, तर मात्र फारसं काही मोजावं लागत नाही.

हे प्रकरण देवस्थानाच्या मंगल कार्यालयासारखं आहे. भाडं माफक, भांडीकुंडी, पाणी, गाड्या लावायला जागा, सगळं एकाच आवारात. अट एवढीच की मांसाहार नाही, मद्य नाही आणि रात्री दहानंतर वाजंत्री नाही. तुमच्या लग्नावर बंदी कोणीच घातलेली नसते. खुशाल दुसरीकडे करा. पण दुसरीकडे तिप्पट खर्च होणार हे माहीत असल्यामुळे मटणाचा विषय घरच्या बैठकीतच निघत नाही. खरी गोम इथेच आहे. कार्यालयाने कोणते संवाद कापले याची यादी निदान मागता तरी येते. मदत मिळावी म्हणून लेखकाने आधीच लिहिले नाहीत, त्या प्रसंगांची यादी कुठेच नसते.

एलियन चालतात, हुकमाचा घोळ चालत नाही

संरक्षण खात्याच्या नियमावलीत मदतीसाठी वास्तवाची अट आहे. काल्पनिक कथेतही सैनिकी जीवन, मोहिमा आणि धोरणं यांचं चित्रण शक्यतेच्या कोटीतलं असावं, असं ती म्हणते. मग परग्रहवासी या अटीत कसे बसले? त्याचं कारण, अट शत्रूला नाही, गणवेशातल्या माणसाला लागू आहे. समोर राक्षस असो, रोबो असो, सैनिकाने सैनिकासारखं वागलं म्हणजे झालं.

इथे एक पारिभाषिक शब्द लागेल: चेन ऑफ कमांड. कोणी कोणाला हुकूम द्यायचा आणि चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा, याची वरपासून खालपर्यंत बांधलेली उतरंड. लोकशाही देशात तिच्या टोकाला निवडून आलेला माणूस असतो. सैन्याच्या हाती शस्त्रं देऊनही बाकीचे लोक शांत झोपू शकतात ते या उतरंडीच्या भरवशावर. म्हणून पडद्यावर ती ढिली दिसली की कार्यालय सावध होतं.

हा एक निकष हातात धरला की बरेचसे विचित्र निर्णय उलगडतात. 'शील्ड' उतरंडीच्या बाहेरची, म्हणून नकार. २००८ च्या 'आयर्न मॅन'मध्ये मात्र नायकाचा मित्र हवाई दलाचा लेफ्टनंट कर्नल आहे, त्याचे वरिष्ठ कोण हे स्पष्ट आहे, आणि एडवर्ड्स हवाई तळाची दारं उघडली. २०१९ च्या 'कॅप्टन मार्व्हल'ची नायिका तर मूळचीच हवाई दलातली वैमानिक. त्या वेळी मदत मिळालीच, शिवाय सिनेमागृहांत त्या सिनेमाच्या आधी हवाई दलाची भरतीची जाहिरात झळकली.

सगळ्यात गोड उदाहरण सिनेमाचं नाही, मालिकेचं आहे. 'स्टारगेट एसजी-१' १९९७ पासून दहा वर्षं चालली. कोलोरॅडोतल्या शायन पर्वताच्या पोटात हवाई दलाचं गुप्त केंद्र आहे आणि तिथल्या गोल दारातून पलटण दुसऱ्या ग्रहांवर जाते, अशी तिची कल्पना. हवाई दल तिच्या पटकथा वाचत असे. मायकेल रायन आणि जॉन जंपर हे दोन हवाई दलप्रमुख, पदावर असताना, तिच्या भागांमध्ये स्वतःच्याच भूमिकेत दिसले. नायकाचं काम करणाऱ्या रिचर्ड डीन अँडरसन यांना २००४ मध्ये मानद ब्रिगेडियर जनरल करण्यात आलं. खऱ्या शायन पर्वतात तर एका अडगळीच्या खोलीच्या दारावर 'स्टारगेट कमांड' अशी पाटी लावलेली आहे. नायक वरिष्ठांना टोमणे मारतो, नियम वाकवतो, पण शेवटी जनरलचा शब्द मानतो. एवढं सांभाळलं की टोमण्यांना मोकळीक असते.

उलट बाजूला १९९६ चा 'इंडिपेंडन्स डे' आहे. त्यात मरीन वैमानिक नायक आहे, राष्ट्राध्यक्ष स्वतः लढाऊ विमान उडवतो आणि अमेरिका जग वाचवते. सैन्याने याहून अधिक काय मागावं! मदत ठरतही आली होती. पण नेवाडातल्या 'एरिया ५१' तळावर सरकारने एलियन दडवून ठेवलेत, हे कथासूत्र काढायला निर्माते तयार झाले नाहीत आणि सैन्याने माघार घेतली. सरकारच्या लेखी त्या तळाचं नावही तेव्हा उघड नव्हतं. कागदोपत्री तो उघडपणे मान्य झाला २०१३ साली. शिवाय देशाच्या प्रमुखालाच ठाऊक नसलेलं गुपित सैन्य दडवून बसलं आहे, म्हणजे उतरंडीचं टोकच अंधारात. सिनेमा छोट्या प्रतिकृती आणि ट्रिक फोटोग्राफीच्या जोरावर पूर्ण झाला आणि त्या वर्षी जगात सर्वाधिक कमाई करून गेला.

दार बंद झाल्यावर काय सुचतं

नकाराने सिनेमा मरतोच असं नाही. कधी कधी त्याला धार येते.

स्टॅनली कुब्रिकचा १९६४ चा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' घ्या. एक माथेफिरू जनरल स्वतःच्या अधिकारात अणुहल्ल्याचा हुकूम देतो आणि एक विमान शेवटपर्यंत माघारी वळवता येत नाही. कोणतंही हवाई दल याला विमान देणार नाही, तसं ते दिलं गेलंही नाही. तेव्हा बी-५२ बॉम्बफेकी विमानाची चालककक्षा गुप्त होती. कलादिग्दर्शक केन अॅडम यांच्या चमूने छापून आलेल्या छायाचित्राच्या आधारे ती उभी केली, आणि ती इतकी हुबेहूब उतरली की हवाई दलाची माणसंही चकित झाली. सिनेमाच्या सुरुवातीला एक पाटी येते: यात दाखवलेले प्रकार आमच्या सुरक्षाव्यवस्थेत घडू शकत नाहीत, अशी अमेरिकी हवाई दलाची भूमिका आहे. सिनेमा जसजसा पुढे जातो तसतशी ती पाटी अधिकाधिक हास्यास्पद होत जाते. १९६५ मध्ये या सिनेमाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, म्हणून तो या यादीत.

त्याहून मोठी गोष्ट 'वॉरगेम्स'ची. १९८३ चा सिनेमा. सिअॅटलमधला एक शाळकरी मुलगा घरच्या संगणकावरून टेलिफोनच्या तारेने चुकून सैन्याच्या यंत्रणेत घुसतो, खेळ समजून अणुयुद्ध सुरू करतो आणि जनरल मंडळी पडद्यावरचे ठिपके खरे मानून बसतात. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जूनमध्ये कॅम्प डेव्हिड इथे तो पाहिला. काही दिवसांनी एका बैठकीत त्यांनी सिनेमाची गोष्ट सांगितली आणि सैन्यदलांचे प्रमुख जनरल जॉन व्हेसी यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? व्हेसींनी चौकशी केली आणि आठवड्याभराने येऊन सांगितलं की परिस्थिती तुम्हाला वाटते त्याहून पुष्कळ वाईट आहे. त्यातून सप्टेंबर १९८४ मध्ये सरकारी संगणकांच्या सुरक्षेबद्दलचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. सैन्याची अब्रू राखणाऱ्या किती सिनेमांनी सैन्याचं इतकं भलं केलं असेल, हा प्रश्न मला पडतो.

"ही सरळसरळ सेन्सॉरशिप झाली की!"

कायद्याच्या भाषेत नाही. अमेरिकेत सिनेमा दाखवायला सरकारी प्रमाणपत्र लागत नाही आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या घटनात्मक हमीमुळे पेंटॅगॉन कुठलाही सिनेमा थांबवू शकत नाही. ते फक्त आपली विमानं द्यायला नकार देतं.

पण ती विमानं पेंटॅगॉनच्या मालकीची नाहीत, जनतेच्या पैशातून आलेली आहेत, असं टीकाकार म्हणतात. पत्रकार डेव्हिड रॉब यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला: सरकारने स्तुती करणाऱ्याला सवलत द्यायची आणि टीका करणाऱ्याला पूर्ण किंमत मोजायला लावायची, हा भेदभावच आहे. मला हा युक्तिवाद वजनदार वाटतो. सैन्याची बाजू अशी की आपलं चुकीचं चित्र रंगवायला आपणच मदत करावी, अशी सक्ती कोणावर का असावी? हीसुद्धा खोडून काढण्यासारखी नाही. निदान कोणाला काय दिलं आणि कोणते बदल मागितले, हे आपोआप जाहीर व्हावं, यावर मात्र दुमत असण्याचं कारण मला दिसत नाही. आज ते कागद माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याने उकरून काढावे लागतात.

"आता संगणकावर सगळं होतं, मग सैन्य लागतं कशाला?"

काही अंशी खरं आहे, आणि ते पहिल्यांदा ठळकपणे दिसलं १९९७ च्या 'स्टारशिप ट्रूपर्स'मध्ये. भविष्यातलं जागतिक संघराज्य, राक्षसी किड्यांशी युद्ध, आणि सैन्यात सेवा केल्याशिवाय मतदानाचा हक्क नाही. मूळ कादंबरी १९५९ ची. लेखक रॉबर्ट हाइनलाइन हे अमेरिकी नौदलाचे माजी अधिकारी होते, क्षयामुळे त्यांना नोकरी सोडावी लागली होती, आणि त्या सैनिकी समाजाकडे ते आदराने पाहतात. सिनेमाचे दिग्दर्शक पॉल व्हरहोव्हन यांचं लहानपण नाझींच्या ताब्यातल्या हेग शहरात गेलेलं. त्यांनी त्याच गोष्टीची टवाळी केली. देखणी पोरं, करकरीत गणवेश, मधूनमधून वाजणाऱ्या भरतीच्या जाहिराती, सगळं इतकं चकचकीत की पोटात ढवळावं. कित्येक समीक्षकांना थट्टा कळलीच नाही, सिनेमाच फॅसिस्ट आहे असं ते लिहून बसले. किड्यांच्या झुंडी संगणकावर बनवल्या होत्या आणि जहाजं प्रतिकृती होत्या. कोणत्याही खऱ्या सैन्यापुढे पटकथा ठेवायची गरज नव्हती, म्हणून हा खोडसाळपणा परवडला.

मग आजही निर्माते अर्ज का करतात? एक तर खऱ्या विमानाचं वजन आणि थरथर अजून डोळ्यांना कळते. दुसरं, सल्ला. रेडिओवर कसं बोलतात, खोलीत शिरताना कोण कुठे पाहतो, हे संगणक सांगत नाही. २०११ च्या 'बॅटल: लॉस एंजेलिस'मध्ये मरीन कोअरची मदत होती, नटांना काही आठवडे कठोर प्रशिक्षण दिलं गेलं, आणि त्यांच्या हालचालींत ते उतरलं. गोष्ट सामान्य आहे, पण रस्त्यावरची लढाई पाहावी.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे सैनिकी विज्ञानपट जवळजवळ नाहीतच, पण सैन्यपटांना भरपूर साहाय्य मिळत आलं आहे. 'बॉर्डर' आणि 'लक्ष्य' ही ठळक नावं. फरक असा की इथे दोन कुलपं आहेत. सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र लागतंच. मिग-२१ च्या अपघातांचा विषय असलेला 'रंग दे बसंती' २००६ मध्ये प्रदर्शनाआधी तत्कालीन संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी आणि सैन्यदलांच्या प्रमुखांना दाखवला गेला, हे अनेकांना आठवत असेल. पुढे २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर मंडळाला पत्र लिहिलं की सैन्यावरचा सिनेमा, माहितीपट किंवा वेब मालिका दाखवण्याआधी निर्मात्यांनी मंत्रालयाचं ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं. म्हणजे रणगाडा मागितला नसला तरी परवानगीची अपेक्षा. पेंटॅगॉनचा प्रश्न असतो 'आमचं सामान हवंय का?' आपल्या मंत्रालयाचा रोख 'आमच्यावर काही दाखवताय का?' असा आहे.

दोन लेफ्टनंट

फरक पडद्यावर कसा दिसतो हे पाहायचं असेल, तर दोन सिनेमे लागोपाठ बघा.

जेम्स कॅमेरॉनचा १९८६ चा 'एलियन्स' इंग्लंडमध्ये बनला. त्यातले मरीन भविष्यातले, त्यांचं सामान जुळवाजुळव करून उभं केलेलं. चिलखती गाडी म्हणजे हीथ्रो विमानतळावर विमानं ओढणारा जुना अवजड ट्रॅक्टर. बंदुकीच्या पोटात दुसऱ्या महायुद्धातली थॉम्पसन. नटांपैकी काही जण ब्रिटनच्या एसएएस या कमांडो दलाकडून कवायत शिकले होते, पण गोष्टीला दिशा होती व्हिएतनामची, म्हणजे उत्तम शस्त्रं असलेली, आत्मविश्वासाने फुगलेली फौज आणि समोर तिला न कळलेला शत्रू. पलटणीचा प्रमुख लेफ्टनंट गोरमन. खऱ्या मोहिमांचा अनुभव विचारला तर, ही धरून दोन. पहिल्याच चकमकीत तो गाडीत पडद्यांपुढे गोठून बसतो, माणसं मरत राहतात, आणि गणवेश नसलेली नायिका रिप्ली स्वतः स्टीअरिंग हातात घेते. मग हुकूम कोणाचा, यावर वाद होतो. मोहिमेबरोबर आलेला खासगी कंपनीचा माणूस म्हणतो, हा तर साधा कॉर्पोरल आहे. पण गोरमन बेशुद्ध आहे, सार्जंट हाती लागलेला नाही, म्हणून कॉर्पोरल हिक्सच प्रमुख ठरतो, आणि तो रिप्लीचंच म्हणणं उचलून धरतो.

'बॅटल: लॉस एंजेलिस'मध्येही नवखा लेफ्टनंट आहे, मार्टिनेझ. तोही चाचरतो. पण त्याच्या शेजारी स्टाफ सार्जंट नान्ट्झ उभा असतो, तो त्याला सावरतो, अधिकार हिसकावत नाही. शेवटी दोन्ही लेफ्टनंट स्फोटकं हातात घेऊन मरतात, हा योगायोग गमतीचा आहे. गोरमनचं मरण कोणालाच वाचवत नाही. मार्टिनेझच्या मरणाने मात्र त्याच्या माणसांना वाट मिळते, आणि हुकूम रीतसर नान्ट्झकडे जातो.

या एका जोडीवरून नियम सिद्ध होत नाही. कॅमेरॉनला मदत मिळाली असती तरी त्याने गोरमन लिहिला असता, असंही कोणी म्हणेल. मला फक्त एवढंच वाटतं की त्या गाडीतल्या प्रसंगाच्या पानावर संपर्क कार्यालयाने लाल पेन चालवलं असतं. आणि रिप्लीच्या हातून स्टीअरिंग काढून ते बहुधा एखाद्या सार्जंटच्या हाती दिलं असतं.